हवाई अंतराला वेगाने भागून वेळ निघत नाही

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

दोन दूरच्या शहरांमध्ये नवी थेट विमानसेवा सुरू झाल्याची बातमी वृत्तपत्रांत येते तेव्हा तिच्यासोबत बहुधा एक चौकट असते आणि त्या चौकटीत दोन आकडे असतात: हवाई अंतर इतके किलोमीटर आणि प्रवासाचा वेळ इतके तास. दोन्ही आकडे इतक्या निःशंकपणे छापलेले असतात की वाचकाने त्यांवर विचार करण्याचे काही कारणच उरू नये. भूगोल शिकवण्यात माझी ३१ वर्षे गेली आणि त्या सवयीने अशी चौकट दिसली की मी पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागून बघतो. उत्तर कधी ताशी ७८० किलोमीटर येते, कधी १,०५० येते, तर कधी ६०० येते आणि हे जेट विमान आहे की पंख्याचे, असा प्रश्न पडतो. यात दर वेळी कोणी आकडा चुकवलेला असतो असे मुळीच नाही. पुष्कळदा दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असतात. फक्त ते एकमेकांचे नसतात. पहिला आकडा भूमितीतून आलेला असतो, दुसरा वेळापत्रकातून, आणि त्यांना एका चौकटीत शेजारी बसवले की वाचक त्यांचे नाते गृहीत धरतो.

उदाहरणासाठी दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को ही जोडी घेतो, कारण या विषयातल्या जवळजवळ सगळ्या गमती तिच्यात एकत्र सापडतात. वर्गात मी पृथ्वीगोल टेबलावर ठेवून मुलांच्या हाती दोरा देत असे. एक टोक दिल्लीवर अंगठ्याने दाबायचे, दुसरे सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि दोरा ताणायचा. बहुतेक मुले दोरा आधी चीन, जपान, मग पॅसिफिक असा आडवा धरत, कारण भिंतीवरच्या नकाशाने त्यांच्या डोळ्यांना तीच सवय लावलेली असे. पण ताण दिला की दोरा गोलावरून घसरू लागतो, वर वर सरकत जातो आणि शेवटी जिथे स्थिरावतो ती जागा पाहून वर्गात हमखास गलका होत असे. हिमालय, त्यामागचे उंच पठार, ताक्लामाकानचे वाळवंट, सायबेरिया, मग थेट आर्क्टिक महासागर, तिथे सुमारे ७५ अंश उत्तर अक्षांश गाठून अलास्का, आणि कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याने खाली सॅन फ्रान्सिस्को. या दोऱ्याची लांबी पृथ्वीच्या मापात सुमारे १२,३८० किलोमीटर भरते. चौकटीत छापले जाते ते हेच अंतर.

ज्या वर्तुळाचे केंद्र पृथ्वीच्या केंद्राशी जुळते त्याला बृहद्वृत्त म्हणतात आणि गोलावरच्या दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग अशा वर्तुळाचा लहान कंस असतो, हे शालेय पुस्तकात असते. तरी ते मनात मुरत नाही, याचा दोष मी मर्केटर प्रक्षेपणाला, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याच्या एका रीतीला, देतो. १५६९ साली आलेला तो नकाशा खलाशांच्या सोयीचा होता, कारण होकायंत्राची दिशा एकसारखी ठेवून जाणारी रेषा त्यावर सरळ उमटते. मात्र त्या सोयीपायी ध्रुवांकडचा भाग त्यात इतका फुगतो की ग्रीनलँड आफ्रिकेएवढे दिसते, जेव्हा आफ्रिका त्याच्या सुमारे १४ पट आहे. टोकियो आणि लॉस एंजेलिस ही दोन्ही शहरे साधारण ३५ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहेत, म्हणून त्या नकाशावर एकापासून दुसऱ्याकडे सरळ पूर्वेला जावे असे वाटते. तसे गेल्यास सुमारे ९,३०० किलोमीटर पडतील. बृहद्वृत्ताचा मार्ग मध्ये जवळपास ४८ अंशांपर्यंत उत्तरेला चढून पुन्हा उतरतो आणि सुमारे ८,८०० किलोमीटरांत काम भागवतो. जो मार्ग नकाशावर वाकडा दिसतो तोच पाचशे किलोमीटरांनी जवळचा असतो.

एककांचा गोंधळ मी थोडक्यात सांगतो, तो सहज टाळता येण्यासारखा आहे. वैमानिक आणि हवाई वाहतुकीचे सगळे जग सागरी मैलांत मोजते. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर, तर जमिनीवरचा मैल सुमारे १,६०९ मीटरांचा. लंडन ते न्यूयॉर्क हे अंतर साधारण ३,००० सागरी मैल आहे. त्याचे ‘३,००० मैल’ झाले आणि कोणी ते जमिनीचे मैल समजून किलोमीटर केले, तर सुमारे सातशे किलोमीटर वाटेतच नाहीसे होतात. पृथ्वी पूर्ण गोल नसून ध्रुवांकडे किंचित चपटी असल्यामुळे दोन गणनयंत्रांच्या उत्तरांतही अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो. त्याचा बाऊ करण्याचे कारण नाही. एक खूणगाठ मात्र संपादन विभागाने बांधून ठेवावी. पृथ्वीवरच्या कोणत्याही दोन ठिकाणांमधले सर्वांत जवळचे अंतर सुमारे २०,००० किलोमीटरांपेक्षा जास्त असूच शकत नाही, कारण तितके गेले की माणूस पृथ्वीच्या नेमक्या पलीकडच्या बाजूला पोहोचलेला असतो.

आता मूळ मुद्दा. विमान दोऱ्यावरून उडत नाही. दिल्लीहून निघालेला तो दोरा हिमालयावरून आणि त्यामागच्या पठारावरून जातो, जिथली जमीनच सरासरी साडेचार हजार मीटरांच्या आसपास उंच आहे. विमानातला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाने लगोलग सुमारे ३,००० मीटरांपर्यंत, म्हणजे प्रवाशांना मुखवट्याविना श्वास घेता येईल इतके खाली उतरायचे असते, आणि डोक्यावरून खाली पडणाऱ्या मुखवट्यांतला प्राणवायू साधारण पाव तास पुरतो. खालची जमीनच त्याहून उंच असेल तर उतरायचे कुठे? म्हणून विमाने असा टापू शक्यतो टाळतात, किंवा बाहेर पडण्याच्या वाटा आधीच ठरवून मगच ओलांडतात.

पण डोंगर हे त्यातल्या त्यात स्थिर कारण झाले. रोज बदलणारे कारण म्हणजे वारा. एअर इंडियाची दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को सेवा आधी पश्चिमेकडे, अॅटलांटिकवरून जात असे आणि तो मार्ग सुमारे १३,९०० किलोमीटरांचा होता. ऑक्टोबर २०१६ मध्ये तेच विमान उलट दिशेने, पूर्वेकडे, पॅसिफिकवरून नेण्यात आले. हा मार्ग सुमारे १५,३०० किलोमीटरांचा, म्हणजे आधीच्यापेक्षा १,४०० किलोमीटरांनी लांब. आणि तरीही तो साडेचौदा तासांत, आधीच्यापेक्षा जवळपास दोन तास कमी वेळात पार पडला. आता भागाकार करून पाहा. प्रत्यक्ष कापलेल्या अंतराला साडेचौदाने भागले तर ताशी १,०५५ किलोमीटर येतात आणि तो त्या विमानाचा जमिनीच्या हिशेबातला खरा सरासरी वेग आहे. चौकटीतल्या १२,३८० ला भागले तर सुमारे ८५४ येतात. हा दुसरा आकडा जास्त फसवा आहे, कारण तो ऐकायला अगदी रास्त वाटतो, कोणाला शंका येत नाही, आणि कशाचाच वेग मात्र नसतो.

या वाऱ्याला जेट प्रवाह म्हणतात. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर, म्हणजे नेमका जिथे प्रवासी विमानांचा राबता असतो तिथे, मध्य अक्षांशांत तो पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. उष्ण कटिबंध आणि ध्रुव यांच्या तापमानातल्या तफावतीवर तो पोसला जातो, म्हणून हिवाळ्यात त्याला जोर असतो. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हा वारा मोजला होता आणि जगाला कळावे म्हणून आपला अहवाल एस्परांतो या जगाची समाईक भाषा म्हणून मुद्दाम घडवलेल्या भाषेत छापला. परिणामी तो जवळजवळ कोणीच वाचला नाही. पुढे १९४४ च्या अखेरीस जपानवर उंचावरून येणाऱ्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानांना तोच वारा भोवला तेव्हा त्याचे महत्त्व सर्वांच्या लक्षात आले. (भाषेची निवड किती महाग पडू शकते याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही, पण तो या पत्राचा विषय नव्हे.)

पॅसिफिकवरून पूर्वेकडे जाताना एकदा आसनासमोरच्या पडद्यावरचे आकडे मी खिशातल्या वहीत उतरवून घेतले होते. उंची ३७,००० फूट, बाहेरचे तापमान उणे ५७ अंश, पाठीमागून वारा ताशी १६८ किलोमीटर, जमिनीवरचा वेग ताशी १,०७४ किलोमीटर. शेजारचे गृहस्थ म्हणाले, आज गाडी चांगलीच पळवली आहे. वास्तविक विमान काही पळवलेले नव्हते. भोवतालच्या हवेच्या मानाने ते नेहमीच्याच नऊशेच्या आसपासच्या वेगाने चालले होते. ती हवाच त्याला घेऊन पुढे सरकत होती. नदीच्या धारेबरोबर वल्हवणाऱ्या नावाड्याचे दंड अधिक बळकट झालेले नसतात, तसेच हे. फेब्रुवारी २०२० मध्ये अॅटलांटिकवर ‘सिआरा’ नावाचे वादळ होते त्या रात्री न्यूयॉर्कहून निघालेले एक बोइंग ७४७ अवघ्या ४ तास ५६ मिनिटांत लंडनला उतरले आणि त्याचा जमिनीवरचा वेग ताशी १,३०० किलोमीटरांच्या वर गेला होता. ध्वनीपेक्षा अधिक वेगाने विमान उडाले, असे तेव्हा अनेकांनी लिहिले. ते बरोबर नव्हते. ध्वनीच्या वेगाशी तुलना करायची ती विमानाच्या हवेतल्या वेगाची, आणि त्या मानाने ते ध्वनीच्या बरेच मागे होते.

‘जाताना जितके गमावले तितके येताना मिळते, हिशेब सारखाच’ असे समजणाऱ्यांसाठी एक छोटे गणित देतो. अंतर ९,००० किलोमीटर, विमानाचा वेग ९००, वारा १००. वाऱ्यासोबत ताशी १,००० च्या वेगाने ९ तास लागतील, वाऱ्याविरुद्ध ८०० च्या वेगाने सव्वाअकरा. दोन्ही मिळून सव्वावीस तास झाले, जेव्हा वारा नसता तर २० तासांतच जाऊन येऊन झाले असते. प्रतिकूल वाऱ्यात विमान अधिक काळ अडकून राहते, म्हणून वारा घेतो जास्त आणि देतो कमी. याच कारणाने टोकियोहून लॉस एंजेलिसला निघालेले विमान जेट प्रवाहाच्या पोटात शिरायला बघते आणि तिकडून येणारे विमान त्याला वळसा घालून उत्तरेकडून येते. शहरे तीच, रात्र तीच, पण दोन विमानांच्या वाटा वेगळ्या आणि वेळेत दीड-दोन तासांचे अंतर. अशा वेळी चौकटीत एकच वेळ छापली, तर ती कोणत्या दिशेची हे वाचकाने कसे ओळखावे?

इथे एका जुन्या गैरसमजाचाही उल्लेख करतो, कारण तो शिकलेल्या माणसांकडूनही ऐकू येतो. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, तेव्हा पश्चिमेला जाणाऱ्या विमानाकडे मुक्कामाचे शहर आपण होऊन चालत येते आणि वेळ वाचतो, असे हे तर्कशास्त्र आहे. विषुववृत्तावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने सरकतो. हे तर्कशास्त्र खरे असते तर हेलिकॉप्टर एका जागी तासभर तरंगत ठेवून कोणालाही हजार-दीड हजार किलोमीटर पश्चिमेला फुकटात उतरता आले असते. हवा पृथ्वीसोबतच फिरते आणि विमान त्या हवेत उडते. शिवाय मध्य अक्षांशांतला प्रत्यक्ष अनुभव नेमका उलटा आहे: पूर्वेला जायला कमी वेळ लागतो आणि पश्चिमेला जास्त.

वाऱ्यानंतर येते ते राजकारण. हेलसिंकी ते टोकियो हे अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर आहे आणि त्याचा मोठा भाग रशियावरून जातो. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाचे आकाश युरोपीय विमानांना बंद झाले, तेव्हा साडेनऊ तासांच्या या प्रवासाला १३ तासांच्या आसपास लागू लागले. काही उड्डाणे तर उत्तर ध्रुवावरून वळसा घालून नेण्यात आली. पृथ्वीगोलावर दोन्ही शहरे होती तिथेच होती. ७,८०० ला १३ ने भागा म्हणजे सुरुवातीला उल्लेखिलेला ताशी ६०० चा वेग कुठून येतो ते कळेल. भारतीय वाचकाला हे नवे नाही. २७ फेब्रुवारी २०१९ पासून त्या वर्षीच्या जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानचे आकाश बंद राहिले तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणारी विमाने दक्षिणेला वळसा घालून जात होती आणि काहींना इंधनासाठी वाटेत उतरावे लागत होते; एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमान कंपन्यांवर ती वेळ पुन्हा आली. म्हणजे वेळ देताना ती कोणत्या काळातली आहे, हेही सांगितलेले बरे.

मला सर्वांत खटकते ती चूक मात्र घड्याळाची आहे, आणि ती वाऱ्याने वा राजकारणाने केलेली नसून आपण करतो. तिकिटावर सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ असते. दोन्ही स्थानिक असतात. त्यांची वजाबाकी म्हणजे प्रवासाचा वेळ नव्हे. समजा, उन्हाळ्यात एक विमान दिल्लीहून पहाटे ४ वाजता निघाले आणि साडेपंधरा तास उडाले. दिल्लीत तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजले असतील. सॅन फ्रान्सिस्कोची वेळ उन्हाळ्यात भारतीय प्रमाणवेळेच्या साडेबारा तास मागे असते, म्हणजे तिथे त्याच तारखेचे सकाळचे ७ वाजलेले असतील. घड्याळाने प्रवास तीन तासांचा झाला. परतीचे विमान तिथून सकाळी १० ला निघून सोळा तास उडाले तर दिल्लीत दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला उतरेल आणि घड्याळ म्हणेल साडेअठ्ठावीस तास. हिवाळ्यात तिकडची घड्याळे एक तास मागे जातात, हा फरक साडेतेरा तासांचा होतो, आणि हेच हिशेब पुन्हा बदलतात. टोकियोहून रात्री ८ वाजता होनोलुलूला निघालेला प्रवासी सात तास उडून त्याच दिवशी सकाळी ८ वाजता उतरतो, निघण्याच्या बारा तास आधी, कारण वाटेत त्याने आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडलेली असते. तिथली चूक उघडच दिसते, म्हणून ती कोणी करत नाही. चार-पाच तासांचा फरक असतो तिथे ती बेमालूम खपून जाते.

शिवाय वेळापत्रकातली वेळ ही चाके जमिनीवरून सुटल्यापासूनची नसते. विमान आपल्या थांब्यावरून मागे ढकलले जाते तिथपासून मुक्कामाच्या थांब्यावर उभे राहीपर्यंतची ती वेळ असते. धावपट्टीकडे रांगेत सरकणे, उतरण्यापूर्वी आकाशात घिरट्या घालणे आणि वेळेवर पोहोचल्याचे श्रेय मिळावे म्हणून कंपन्यांनी राखलेली थोडी सैल जागा, हे सर्व त्यात येते. वैमानिकाने ‘आपण वीस मिनिटे आधी पोहोचत आहोत’ असे सांगितले म्हणून फार हुरळून जाऊ नये, ते याच कारणाने.

तेव्हा विनंती अशी की यापुढे अशी चौकट छापताना अंतरापुढे ‘पृथ्वीगोलावरील सर्वांत जवळचे अंतर’ असे स्पष्ट लिहावे आणि प्रत्यक्ष उड्डाणमार्गाची लांबी हाती असेल तर ती वेगळी द्यावी. वेळ जाण्याची आणि येण्याची अशी दोन्ही द्यावी, ती थांब्यापासून थांब्यापर्यंतची आहे हे नमूद करावे, आणि स्थानिक वेळा द्यायच्या झाल्या तर दोन्ही ठिकाणांच्या प्रमाणवेळेतला फरक कंसात टाकावा. जागा फार लागत नाही. चौकट दोन ओळींनी वाढेल. आणि जागेची अगदीच अडचण असेल तर दोन आकड्यांपैकी अंतराचा गाळावा, वेळेचा ठेवावा. प्रवाशाला किलोमीटर काढायचे नसतात, तास काढायचे असतात.

कळावे,

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक